पाणपक्षी आणि विहिरीचा तळ

स्पेन देशाच्या दक्षिणेस, ग्वादलकिवीर नदी जेथें अटलांटिक महासागरास मिळते तेथें, दोन्याना नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. तें १९६९ सालीं स्थापन झालें. वाळूच्या टेकड्या, विस्तीर्ण दलदली आणि पावसाच्या व भूगर्भांतील पाण्यानें भरणारीं तळीं अशी तेथील रचना आहे. उत्तर युरोपांतील थंडी टाळण्यासाठीं कलहंस व नाना जातींचीं बदकें हिवाळ्यांत तेथें उतरतात. रोहित पक्ष्यांचे थवेही तेथें चरतात.

ह्या उद्यानालगत वेल्वा प्रांतांत स्ट्रॉबेरीची बागायत गेल्या कांहीं दशकांत फार वाढली. परदेशांत मालास गिऱ्हाईक मिळालें, तसा भूगर्भांतील पाण्याचा उपसा वाढला आणि परवान्यावांचून खणलेल्या विहिरीही पुष्कळ झाल्या. त्यांत अवर्षणाची भर पडून, सांता ओलाल्या हें तेथील सर्वांत मोठें बारमाही तळें २०२२ व २०२३ अशा लागोपाठ दोन उन्हाळ्यांत पार आटलें. बेकायदा उपशाकडे स्पेन सरकारनें पुरेसें लक्ष दिलें नाहीं, असा ठपका युरोपीय न्यायालयानें २०२१ सालींच ठेविला होता. तथापि २०२३ सालीं प्रांतिक कायदेमंडळांत बागायतीचें क्षेत्र वाढविण्याचें विधेयक आलें. त्या वर्षाच्या अखेरीस तें मागें घेण्यांत आलें आणि सुमारें १४० कोटी युरोंच्या योजनेवर तडजोड झाली. पाणी सोडणाऱ्या शेतकऱ्यांस मोबदला देणें हा तिचा एक भाग आहे.

पक्ष्यांसाठीं शेतकऱ्याचें पोट कां मारावें, असा प्रश्न कित्येक करितात. तो प्रश्न वाजवी आहे, परंतु त्याची मांडणी चुकीची आहे. तळें आणि विहीर ह्यांचा झरा एकच. तळें आधीं आटतें, कारण तें उथळ आहे. विहिरीची पाळी मागाहून येते. पक्षी उडून जातो. शेतकऱ्यास जमीन उचलून नेतां येत नाहीं. शिवाय परवाना घेऊन मोजकें पाणी घेणाऱ्याचेंच पाणी चोरटी विहीर खेंचीत असते.

विहिरीशेजारीं विंधनविहीर आणि तिच्याशेजारीं दुसरी, ही चढाओढ आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, उपशाची मोजणी व बेकायदा विहिरींस बंदी ह्यांची मागणी प्रथम शेतकऱ्यांच्या संस्थांनींच केली पाहिजे. लहान शेतकऱ्यास कमी पाण्याच्या पिकाकडे वळण्यास मुदत व साह्य द्यावें; परंतु तळ लागल्यावर कोणत्याही सरकारच्या मोबदल्यानें विहीर भरत नाहीं.