जीन्सच्या किमतीत काय काय मोजलेलं नसतं

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये आपण जीन्स घासाघीस करून घेतो, पण तिची किंमत आपल्या आणि दुकानदाराच्या हातात फार थोडी असते. शिलाई बहुधा इथलीच, कॅम्प ४-५ मधल्या कारखान्यांतली. निळाईसाठी लागते ती कृत्रिम नीळ. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने ती बाजारात आणली आणि बिहार-बंगालमधली निळीची शेती बसत गेली. आज ही नीळ सर्वाधिक चीनमध्ये बनते. कापसाचा भावही न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे पाहून हलतो. मे २०२२ मध्ये ३५६ किलोच्या खंडीने लाख रुपयांचा टप्पा ओलांडला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा कापड उद्योगाला आधार म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं. गिरण्यांना दिलासा मिळाला, आणि यवतमाळच्या शेतकऱ्याला ऐन वेचणीच्या हंगामात परदेशी गाठींशी झुंजावं लागलं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये असताना खुल्या बाजारात त्याहून कमी दराने कापूस विकला गेला. उल्हासनगरात जीन्स धुणाऱ्या वॉशिंग युनिटांचं निळं-काळं पाणी इथल्या वालधुनी नदीने वर्षानुवर्षं पोटात घेतलं, तेही जीन्सच्या किमतीत धरलेलं नव्हतं. दोनशे रुपये कमी करून घेण्याचा आनंद मला कळतो. मात्र ते दोनशे कुणाच्या तरी कापसातून, मजुरीतून किंवा नदीतून निघालेले असतात, आणि त्यांतल्या कुणालाच दुकानात येऊन घासाघीस करता येत नाही.