गुसल कोण देणार?

मोहल्ल्यात एखाद्या बाईचा इंतकाल झाला की कबरीची काळजी कुणाला नसते. कबर खोदणारे असतात, जनाजा मशिदीतून येतो, कफनाचे कापड दुकानात मिळते. घरातल्या बायका दबक्या आवाजात एकच विचारतात, गुसल कोण देणार? मग खालांकडे रिक्षा पाठवली जाते. खाला सत्तरीच्या पुढच्या, गुडघे धरलेले. त्या आजारी असल्या तर दुसरे नाव कुणाला सुचत नाही.

मय्यतीचे गुसल फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी केले की बाकीच्यांवरची जबाबदारी उतरते. याचा आम्ही मोठा सोयीचा अर्थ लावला. खालांनी केले, आम्ही सुटलो!

रसूलुल्लाह (स.) यांच्या साहेबजादीला गुसल देणाऱ्यांत हजरत उम्मे अतिया (रजि.) होत्या. त्यांना मिळालेल्या सूचना आजही तशाच पाळल्या जातात: उजव्या बाजूने आणि वुजूच्या अवयवांपासून सुरुवात, तीन, पाच किंवा गरजेनुसार अधिक, पण विषम वेळा पाणी, त्यात बोरीचा पाला, शेवटच्या पाण्यात कापूर. केसांच्या तीन वेण्या घातल्याचे त्याच सांगतात. कोकणातले आमचे शाफई अजून तीन वेण्या घालतात. हनफी घरांत केसांचे दोन भाग करून छातीवर ठेवतात. बाईच्या कफनाची कापडे पाच. एवढे शिकायला एक दुपार पुरते.

अवघड असते ते शवागारातून आलेल्या मय्यतीचे. अपघात, भाजणे, बुडणे, सर्पदंश किंवा लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत सुनेचा संशयास्पद मृत्यू, यांत शवविच्छेदन टळत नाही. (नोव्हेंबर 2021 पासून, सोय असलेल्या रुग्णालयात ते सूर्यास्तानंतरही करता येते. खून, आत्महत्या, बलात्कार असे संशयाचे प्रकार मात्र सहसा त्यातून वगळले आहेत. दफनाची घाई असणाऱ्या आपल्या लोकांना हे ठाऊक असावे.) छातीपासून ओटीपोटापर्यंत टाके, डोक्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टाके. हे टाके घालणारा, अंग पुसून चादरीत गुंडाळून देणारा शवागारातला कर्मचारी आम्हाला कधी दिसत नाही. आमची माणसे दाराबाहेरून त्याला फक्त ‘लवकर कर’ म्हणतात. त्याने नीट शिवले असेल तर खालांचे निम्मे काम सोपे होते.

अशा वेळी पोट दाबायचे नाही. कोमट पाणी हळू ओतायचे, टाक्यांवर कापूस आणि पट्टी, पाझर थांबत नसेल तर कफनाच्या आत प्लॅस्टिक. भाजलेली त्वचा सुटत असेल तर हात न फिरवता नुसते पाणी सोडायचे. तेही शक्य नसेल तर तयम्मुम. नाभीपासून गुडघ्यापर्यंतची चादर मात्र शेवटपर्यंत हलत नाही. आत जे दिसले ते बाहेर बोलायचे नाही. एखाद्या पोरीच्या अंगावर जुने वळ दिसले तर? तो चहाबरोबर सांगायचा विषय नव्हे, पण गप्प बसायचाही नव्हे. दफनाआधी तिच्या आईबापांना आणि पोलिसांना कळायलाच हवे.

आमच्या शाळेतल्या मुली हाडांची नावे घडाघडा सांगतात आणि मय्यतीच्या खोलीत जायला घाबरतात. ‘तू लहान आहेस’ म्हणत आम्हीच त्यांना दाराशी थांबवतो. मग त्या चाळिशीच्या झाल्या तरी दाराशीच. खालांना पाणी ओतून द्यायला कुणीतरी लागतेच. पुढच्या वेळी पडद्याआड जाणाऱ्या चौघींत एक विशीतली असू द्या, लोटा तिच्या हाती द्या.