पाऊस दोघांवरही सारखाच पडतो: पोकेमॉनचा हवामान-संघ आणि राक्षसभुवनचा पूर

१/
राक्षसभुवनची लढाई, १० ऑगस्ट १७६३. ‘गोदावरीला पूर आला आणि निजाम हरला’ एवढ्या एका वाक्यात ही लढाई अनेकदा आटोपली जाते. त्या वाक्यात सगळे काही पूर करतो. माणसे कुठेच नाहीत. पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढतींसाठी हवामानावर आधारलेला संघ बांधणारा शाळकरी खेळाडूसुद्धा असे वाक्य मान्य करणार नाही. त्याचे म्हणणे बरोबर का आहे, याचा हा धागा.

२/
आधी खेळ. पोकेमॉन हा मूळचा जपानी खेळ. प्रत्येक खेळाडूकडे सहा अद्भुत प्राण्यांचा संघ. अधिकृत स्पर्धांतील जोडीच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याचे सहाही प्राणी आधी दिसतात. मग स्वतःच्या सहांतून चार निवडायचे आणि एका वेळी दोन मैदानात उतरवायचे. त्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. ‘पोकेमॉन शोडाउन’ हे विनामूल्य संकेतस्थळ साध्या मोबाइलवर चालते. म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावातही या खेळाला अडसर नाही.

३/
१९९९ साली आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या आवृत्त्यांत या खेळात हवामान आले: पाऊस, कडक ऊन आणि वाळूचे वादळ. पावसात पाण्याच्या हल्ल्याचा जोर दीडपट होतो, आगीचा निम्म्यावर येतो. उन्हात नेमके उलट. ‘थंडर’ हा विजेचा हल्ला एरवी बऱ्याचदा चुकतो. पावसात तो चुकत नाही. मंत्र टाकून आणलेले हे हवामान पाच फेऱ्या टिकते. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की पाऊस साऱ्या मैदानावर पडतो. तो कोणी पाडला, हे पाऊस विचारत नाही.

४/
नवखा खेळाडू पावसाचा संघ बांधायचा म्हणून सहाही प्राणी पाण्याचे घेतो. समोरून विजेचा किंवा वनस्पतींचा एक समर्थ प्राणी आला की हा संघ कोलमडतो. जाणता खेळाडू कामे वाटतो. पेलिपर मैदानात येताच पाऊस सुरू करतो. ‘स्विफ्ट स्विम’ हा गुण असलेल्या लुडिकोलोचा वेग पावसात दुप्पट होतो. फेरोथॉर्न पाण्याचा प्राणी नाहीच. पण त्याला आगीचे मोठे भय असते आणि पाऊस ती आग निम्मी करतो. एकाच पावसाचा कोणाला शस्त्र म्हणून उपयोग, कोणाला ढाल म्हणून.

५/
प्रतिस्पर्धीही स्वस्थ बसत नाही. तो टॉर्कोल आणून ऊन पाडतो किंवा टायरानिटार आणून वाळूचे वादळ उठवतो. दोघांचे हवामान बदलणारे प्राणी एकाच वेळी मैदानात आले, तर शेवटी टिकते ते अधिक मंद प्राण्याचे हवामान, कारण त्याचा प्रभाव नंतर पडतो. येथे घाई करणारा हरतो. म्हणून उत्तम संघात पाचवा आणि सहावा प्राणी एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो: पाऊस थांबला तर काय?

६/
या खेळाचा स्वतःचा इतिहासही उद्बोधक आहे. २००२ च्या आवृत्त्यांत कायोगरचा पाऊस आणि ग्राउडनचे ऊन आपोआप सुरू होई व दुसरे हवामान येईपर्यंत संपत नसे. २०१० मध्ये हीच शक्ती पॉलिटोड आणि नाइनटेल्स या सामान्य प्राण्यांना मिळाली आणि सर्वत्र पावसाच्या संघांचा सुळसुळाट झाला. २०११ मध्ये स्मॉगॉन या खेळाडूंच्या समुदायाने उपाय केला. पावसावर बंदी घातली नाही. आपोआप पडणारा पाऊस आणि ‘स्विफ्ट स्विम’ एकाच संघात नको, एवढेच ठरवले. २०१३ पासून मूळ खेळातच असे हवामानही पाच फेऱ्यांपुरते झाले. पावसापेक्षा पाऊस आणि तयारी यांचा मेळ भारी असतो, हे खेळाडूंनी अचूक ओळखले होते.

७/
आता मैदानातून मातीवर. ताडकळस पूर्णा तालुक्यात येते आणि याच तालुक्यात पूर्णा नदी गोदावरीला मिळते. राक्षसभुवन याच गोदावरीच्या काठी, प्रवाहाच्या वरच्या बाजूला, आजच्या बीड जिल्ह्यात. ताडकळसचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. म्हणजे येथील वाचकासाठी राक्षसभुवन ही केवळ विजयाची गोष्ट नाही. आपल्याच मुलखाच्या धन्याच्या पराभवाचीही आहे. मातीही तीच काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस पडला की पायाला, खुराला आणि चाकाला चिकटते. तोफेच्या गाड्याचे अशा मातीत काय होत असेल, हे येथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

८/
मराठ्यांची घोडदळप्रधान फौज हा मूलतः कोरड्या हवेचा संघ होता. तिची ताकद वेगात; आणि वेगाला कोरडी जमीन, उतार असलेल्या नद्या व वाटेवर मिळणारा चारा लागतो. म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे आणि पावसाळ्यापूर्वी छावणीत परतायचे, असा प्रघात पडला. पालखेड फेब्रुवारी १७२८ मध्ये, उदगीर फेब्रुवारी १७६० मध्ये, खर्डा मार्च १७९५ मध्ये. निजामाविरुद्धच्या या तीन विजयांचे महिनेच पुरेसे बोलके आहेत.

९/
पण कोरड्या हवेचा संघही पावसाळ्यातच बांधला जातो. राज्याभिषेकाच्या काही आठवडे आधी, मे १६७४ मध्ये, शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील हलवर्ण येथील लष्करी अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, या ताकिदीसाठी ते नेहमी सांगितले जाते. त्यातला हिशोब मात्र दुर्लक्षिला जातो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-चारा आताच उधळला तर पुढे घोडी उपाशी मरतील. जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील. उंदरापर्यंत विचार करणारे हे पत्र म्हणजे हवामान बदलण्यापूर्वी केलेली संघबांधणीच आहे.

१०/
हवामानाने संघाची परीक्षा कशी घेतली, याचे उत्तम उदाहरण एकाच वाटेवर सापडते. जुलै १६६०: सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात, रात्री पन्हाळ्यावरून निघाले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडाला पोहोचले. लहान तुकडी, पायी चालणारे मावळे, वाटेची माहिती. ही वाट बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या सोबत्यांच्या प्राणांच्या मोलाने मोकळी राहिली, हे विसरता येत नाही. पण त्या रात्रीचा पाऊस आडोसा ठरला, तो या तुकडीच्या रचनेमुळे.

११/
जून १७०२: विशाळगड ताब्यात आल्यावर औरंगजेबाची फौज पन्हाळ्याकडे परतू लागली. तोच मुलूख, तोच पाऊस, फक्त दिशा उलट. या वेळी हत्ती, उंट, तोफा आणि प्रचंड बाजारबुणगे सोबत होते. हा परतीचा प्रवास महिन्याहून अधिक काळ चालला; ओढ्यानाल्यांनी माणसे आणि जनावरे गिळली. त्याआधी ऑक्टोबर १७०० मध्ये माण नदीच्या काठी खवासपूरच्या छावणीत रात्री पूर घुसला होता आणि त्या धांदलीत खुद्द बादशहाचा गुडघा कायमचा जायबंदी झाला होता. धडा मिळाला होता; संघ बदलला नव्हता.

१२/
आता राक्षसभुवन. १७६३ च्या उन्हाळ्यात निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. मराठ्यांनी निजामाचा मुलूख लुटून उत्तर दिले. पावसाळा आला. निजामाने औरंगाबादेस जाऊन पावसाळा काढण्याचे ठरवले. म्हणजे पावसाचा विचार त्याच्याही मनात होता. वाटेत गोदावरी ओलांडणे भाग होते. तो स्वतः फौजेच्या एका भागासह उत्तर तीरावर गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. एका फौजेच्या दोन फौजा झाल्या आणि मध्ये ऑगस्टमधली गोदावरी.

१३/
नेमके तेव्हाच मराठे येऊन ठेपले. १८ वर्षांचे माधवराव पेशवे, रघुनाथराव, मल्हारराव होळकर. निजामाच्या बाजूला असलेले जानोजी भोसले लढाईपूर्वीच त्याच्यापासून फोडले गेले होते. लढाई एकतर्फी नव्हती. रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडले आणि माधवरावांनी त्यांना सोडवले. अखेरीस विठ्ठल सुंदर मारला गेला. पैलतीरावरचा निजाम पुरामुळे मदतीला येऊ शकला नाही. सप्टेंबरमध्ये औरंगाबादेस झालेल्या तहात त्याला मोठा मुलूख सोडावा लागला.

१४/
आता पहिल्या वाक्याकडे परत. पूर आला म्हणून निजाम हरला? गोदावरीला ऑगस्टमध्ये पाणी चढते, ही काही गुप्त बातमी नव्हती. पूर दोन्ही फौजांसाठी सारखाच होता. मराठेही त्या दिवशी नदी ओलांडून निजामाला गाठू शकत नव्हते. फरक एवढाच होता की मराठ्यांची लढणारी फौज एका तीरावर एकत्र होती आणि निजामाची दोन तीरांवर विभागलेली. पावसाळ्याचे वेळापत्रक दोघांनाही ठाऊक होते. त्याभोवती माणसे योग्य जागी उभी करणे एकालाच साधले. मोहीम आटोपण्याच्या हंगामात, प्रघात मोडून, कोरड्या हवेचा संघ पावसात उतरला आणि जिंकला.

१५/
यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. खेळात प्राणी मूर्च्छित होतात आणि पुढच्या डावात पुन्हा उभे राहतात. गोदाकाठी पडलेली माणसे उठली नाहीत. लढाईला खेळाचे गणित लावणे हा त्यांचा अवमान नव्हे काय? गणित लावून तिथेच थांबलो, तर निश्चितच अवमान. पण त्यांच्या मृत्यूचे श्रेय पुराला देणे हा त्याहून मोठा अवमान आहे. पुराला दोष दिला की फौज कोणी विभागली, कधी विभागली, मागे कोणाला ठेवले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

१६/
दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. खेळात पेलिपर आला की पाऊस येतो. इतिहासात पाऊस कोणाच्याही हाती नव्हता. हे खरेच, आणि उपमेची मर्यादा येथेच आहे. मराठवाड्याने तर पाऊस पाडून पाहण्याचे प्रयोगही अनुभवले आहेत: २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबाद येथून विमाने उडाली आणि ढगांवर रसायने फवारली गेली. पण मुळात ढगच नसतील तर विमान काय करणार? खेळाडूचे लक्ष पाऊस पाडणाऱ्या प्राण्याकडे आधी जाते. अनुभव वाढला की ते उरलेल्या पाचांकडे वळते. इतिहास कायम या पाचांचाच असतो.

१७/
ताडकळसच्या शिवारात हा विचार नवा नाही. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी पेरणारा शेतकरी हेच करतो. सोयाबीन पावसाळ्याबरोबर संपते. तूर खोल मुळांवर पुढे तग धरते. एक पीक पावसाचे, दुसरे पाऊस थांबल्यानंतरचे. एकाला फटका बसला तरी घर दुसऱ्यावर उभे राहावे, अशी ही मांडणी आहे. तिला कोणी डावपेच म्हणत नाही, कारण तिच्या बखरी लिहिल्या गेल्या नाहीत.

१८/
म्हणून हा प्रश्न केवळ १७६३ चा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हाही ‘पाऊस पडला नाही’ हे वाक्य पुरेसे मानले गेले. त्या वाक्याचे व्याकरण राक्षसभुवनच्या वाक्यासारखेच आहे: सगळे काही पाऊस करतो आणि माणसे गायब. ज्या पिढीला भूतकाळात असे वाक्य खपवून घेण्याची सवय लागते, ती वर्तमानातही ते खपवून घेते.

१९/
मोबाइलवर हवामानाचा संघ बांधणाऱ्या मुलाला घरचे ‘वेळ वाया घालवतोस’ म्हणतात. अनेकदा ते खरेही असते. पण तो मुलगा प्रत्येक लढतीपूर्वी तीन प्रश्न विचारतो: हे हवामान कोणाला लाभेल, ते किती टिकेल, आणि ते संपल्यावर माझ्याकडे काय उरेल? इतिहासाच्या प्रत्येक वाचकाने पूर, दुष्काळ आणि वादळ यांच्या वर्णनापाशी थांबून हेच तीन प्रश्न विचारावेत.

२०/
निजाम पैलतीरावरून पाहत राहिला, कारण पाणी मध्ये होते. पाणी मध्ये येणारच होते. त्याआधी कोण कोणत्या तीरावर उभे होते, एवढाच इतिहासाचा प्रश्न आहे.