ताप गेला, थकवा राहिला

२०२० सालच्या एप्रिलांत मालेगांव व मुंबई येथील बंदोबस्तावरून परतलेल्या हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांत कोरोनाची लागण निघाली. पुढें तो रोग वसमत, कळमनुरी, सेनगांव, औंढा असा सर्व तालुक्यांत फिरला. मेले त्यांची मोजदाद सरकारदप्तरीं आहे. जे वांचले, पण पुन्हां पहिल्यासारखे उभे राहिले नाहींत, त्यांची मोजदाद कोणीं ठेविली?

अशीं माणसें आमच्या शेतकरी, सुतार, कुंभार बांधवांच्या घरांत आहेत. ताप उतरून महिने लोटले तरी बांध चढतांना धाप लागते, झोंप घेऊनही शीण जात नाहीं. एक दिवस जोर करून हळद शिजवून वाळत घातली, कीं पुढचे दोन दिवस अंथरूण सुटत नाहीं. घरचीं माणसें यास आळस म्हणतात. सुनेस तर याहून वाईट बोल ऐकावे लागतात. आम्ही स्पष्ट सांगतों, हा आळस नव्हे, रोग आहे. लागण झाल्यापासून ३ महिन्यांच्या सुमारास दिसणारीं, निदान २ महिने टिकणारीं व दुसऱ्या रोगानें न उलगडणारीं लक्षणें, अशी त्याची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ च्या ऑक्टोबरांत केली.

२००६ सालीं महाराष्ट्रांत चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हां ताप थोड्या दिवसांत गेला आणि सांधे मात्र कित्येकांचे महिनोन् महिने धरून राहिले. तें दुखणें सर्वांनीं मानलें, कारण सूज डोळ्यांस दिसत होती. थकव्यास सूज नाहीं, एवढाच त्याचा गुन्हा!

नोकरदारास पगारी रजा आहे. सोयाबीन काढण्याचें काम गुत्त्यानें जातें. तेथें मागें पडलेल्यास कोण घेणार? मग तो कर्ज काढून ताकदीची सुई टोंचून घेतो, सलाईन लावून घेतो. बाटलीनें हा रोग जात नाहीं, पैसा मात्र जातो. त्यापेक्षां सरकारी दवाखान्यांत रक्त, साखर व क्षयाची तपासणी आधीं करून घ्यावी. पंडुरोग किंवा क्षय निघाल्यास त्यास औषध आहे. कांहींच न निघाल्यास काम तोडून तोडून करावें आणि थकण्याच्या आधीं बसावें. जोर केल्यानें अंग मोकळें होतें ही समजूत येथें घातक आहे.

२०२० च्या सप्टेंबरांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेंत घरोघर जाऊन ताप मोजला गेला. त्याच घरांत आशाताईंनीं आतां दुसरा प्रश्न विचारावा: अजून कोण उठूं शकत नाहीं? ती यादी जिल्हा रुग्णालयांत जावी, आणि अशा रोग्यांसाठीं तेथें आठवड्यांतून एक दिवस नेमावा. तो दिवस बाजाराचा असावा, म्हणजे खेड्यांतील माणसास दोन भाडीं पडणार नाहींत.