नवनिर्मिती की नुसताच नखरा?

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ज्या कपड्याला जागोजागी भोके आहेत आणि ज्याची बाही भलत्याच ठिकाणी आहे, त्याने नूर वाढतो की जातो? परदेशी फॅशन-शोची छायाचित्रे आपल्यात हातोहात फिरतात, तेव्हा दोनच उद्गार ऐकू येतात. एक, ‘काय हा वेडेपणा!’ आणि दुसरा, ‘वा, काय ही प्रतिभा!’ मला हे दोन्ही उद्गार आळसाचे वाटतात, कारण दोघांनीही कपड्याकडे नीट पाहिलेले नसते.

जपानच्या रेई कावाकुबो यांचेच उदाहरण घ्या. या बाईंनी शिवणकामाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. विद्यापीठात त्यांचा विषय होता सौंदर्यशास्त्र. १९६९ मध्ये टोकियोत त्यांनी ‘कॉम दे गार्सों’ या नावाने कपडे करायला सुरुवात केली आणि १९८१ मध्ये ते पॅरिसला नेले. पुढच्याच वर्षीचा त्यांचा काळा, भोकाभोकांचा स्वेटर गाजला. तिकडच्या काही पत्रकारांनी त्या कपड्यांचा संबंध थेट हिरोशिमाशी जोडून थट्टा केली. पण ती भोके कात्रीने पाडलेली नव्हती. विणकामाच्या यंत्राचे स्क्रू सैल करून, यंत्राला मुद्दाम चुकायला लावून ती वीण काढलेली होती. यंत्र प्रत्येक टाका सारखाच घालते; मग हातच्या कामातला उणाअधिकपणा गेला कुठे, हा प्रश्न त्या भोकांत होता. १९९७ मध्ये त्यांनी पोशाखाच्या आत गाद्या भरून पाठीवर, कमरेवर उंचवटे आणले. स्त्रीचे शरीर एकाच साच्यात सुंदर दिसते, असे ठरवले कोणी? त्याच वर्षी मर्स कनिंगहॅम या नृत्यदिग्दर्शकाने आपल्या ‘सिनारिओ’ या नृत्यासाठी त्यांच्याकडून अशीच वेषभूषा करून घेतली.

त्यांचेच देशबांधव इस्से मियाके (१९३८–२०२२). कापडाला आधी चुण्या घालायच्या आणि मग शिवायचे, हा शिरस्ता त्यांनी उलटा केला. कपडा मापाच्या अडीच-तीन पट मोठा शिवायचा आणि मग कागदाच्या थरांत घालून उष्णतेने दाबायचा. १९९३ पासून ‘प्लीट्स प्लीज’ या नावाने विकला जाणारा हा कपडा घरी धुता येतो, त्याला इस्त्री लागत नाही, गुंडाळून पिशवीत टाकता येतो. याला नखरा कोण म्हणेल?

पण म्हणून सारेच सोने नव्हे! २०२२ मध्ये बालेन्सियागा या कंपनीने कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी चामड्याची पिशवी १,७९० डॉलरला विकायला काढली. त्याच वर्षी मुद्दाम फाडून मळवलेले बूटही आणले. मार्सेल द्युशाँ यांनी १९१७ मध्ये मुतारीचे भांडे कलाकृती म्हणून प्रदर्शनासाठी पाठवले, तेव्हा तो विचार होता. शंभर वर्षांनी तोच विनोद किंमतीची चिठ्ठी लावून सांगणे, हा व्यापार आहे.

कोणी म्हणेल, कावाकुबोंचे कपडे तरी गरिबाला कुठे परवडतात? आक्षेप खरा आहे. ज्याच्या घरी धडका कपडा आहे, त्यालाच फाटक्याची हौस परवडते. ही बोच मलाही लागते. पण महागपणा दोघांकडेही आहे, तेव्हा निवाडा किंमतीने होणार नाही. मी आपली साधी कसोटी लावतो. कपड्यासोबतचे भारदस्त निवेदन बाजूला ठेवावे आणि विचारावे : विणण्याची, कापण्याची, अंगावर वागवण्याची एखादी नवी रीत यात सापडली का? त्या स्वेटरात सापडते. त्या पिशवीत प्लॅस्टिकच्या जागी चामडे आले, बाकी सारे जुनेच.

मित्रहो, हा प्रश्न पॅरिसपुरता नाही. मर्ढेकरांच्या कवितेलाही एके काळी दुर्बोध म्हणून हिणवले गेले, आणि त्यांच्यामागून नुसतीच दुर्बोधता मिरवणारेही आले. आपल्या महाविद्यालयातही कोणी वेगळे नाटक बसवते, कोणी वेगळे चित्र काढते. त्याला हसून घालवले, तर उद्याची एखादी खरी नवी गोष्ट आपण आजच मारू. आणि न समजताच टाळ्या पिटल्या, तर ढोंगाला खतपाणी घालू. नव्या कलावंताला आपल्याकडून कौतुक मिळाले नाही तरी चालेल. आपण त्याचे काम नीट पाहावे आणि मग बोलावे, एवढा त्याचा हक्क मात्र आहे.