काटलेल्या मांजामागे एक तास चला

कामठीकरहो,

संक्रांत झाली. चक्री माळ्यावर गेली, बोटांवरच्या चिरा भरत आल्या. पण 'ओ काट!'च्या आरोळीनंतर तुटून वाहत गेलेला मांजा अजून कन्हानकाठच्या झाडांवर लोंबतो आहे. येते दोन रविवार आणि 26 जानेवारीची सुट्टी, यांपैकी कोणत्याही एका सकाळी घरच्यांना घेऊन तासभर नदीकाठी चला आणि हाताला येईल तेवढा मांजा उतरवा, ही कळकळीची विनंती.

घाई एवढ्यासाठी की जानेवारी-फेब्रुवारी हा घारींचा घरट्यांचा काळ आहे. घार काड्यांसोबत चिंध्या, दोरेही उचलते आणि घरट्यात घालते. आज फांदीवर लोंबणारा दोरा आठ-पंधरा दिवसांत घरट्यात जाईल, मग पिल्लाच्या पायाला आवळेल. तेव्हा तिथवर आपला हात पोचणार नाही. वटवाघळं आणि घुबडं तर अंधारातच उडतात. दिवसाउजेडी आपल्याला न दिसणारा दोरा त्यांना रात्री कुठून दिसणार?

मी स्वतः पतंगवेडा. गच्चीवर पेच लढवत लहानाचा मोठा झालो. काटलेला मांजा कुठे पडतो हे कधी बघायला गेलो नव्हतो. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर मुलीला घेऊन नदीकाठी फिरायला गेलो. पाण्याजवळच्या एका बाभळीवर ढोकरी पंख पसरून बसलेली दिसली. ढोकरी उडाली की तिचे पांढरे पंख उघडतात, म्हणून मुलगी श्वास रोखून उभी राहिली. ढोकरी उडालीच नाही. जवळ गेलो तर पंखाच्या सांध्याभोवती हिरव्या दोऱ्याचे सात-आठ वेढे, आणि पक्षी केव्हाच वाळून गेलेला. त्या एका बाभळीवरून मांजा सोडवायला पाऊण तास लागला. वावेने मोजला, बावीस वाव भरला. घरी येताना मुलीने विचारलं, "आपला असेल का?" मला 'नाही' म्हणता आलं नाही.

कामठी विणकरांचं गाव आहे. सुताची जात आपल्याला कोणी शिकवायला नको. सुती दोरा ताण आला की तुटतो, पावसापाण्यात कुजतो. नायलॉन ताणला की रुततो आणि कुजत तर नाहीच. यंदाचा दोरा पुढच्या संक्रांतीलाही तिथेच असतो. राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी देशभर नायलॉन आणि कृत्रिम मांजावर बंदी घातली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या मांजाची स्वतःहून दखल घेतली. गळे चिरलेल्या दुचाकीस्वारांच्या बातम्या दर जानेवारीला आपण वाचतोच. विक्री रोखणं हे सरकारचं काम, ते मागत राहूच. पण झाडावर अडकलेला मांजा उतरवायला आदेश लागत नाही, कात्री लागते.

आणि हा नदीकाठ आपला आहे. 1821 मध्ये लष्करी छावणी वसली तीही याच कन्हानच्या आधाराने. वरच्या अंगाला बिना गावाजवळ कोलार आणि पेंच या नद्या तिला मिळतात. 'जयभीम' हे अभिवादन देणाऱ्या बाबू हरदास एल. एन. यांची समाधी याच काठावर. 12 जानेवारीला त्यांच्या स्मृतिदिनी इथे माणसं येतात. गणपती शिरवायला आपण महादेव घाटावर येतो. एरवी मात्र बाभळी, बोरी, करंजी, गवताचे पट्टे यांना 'रिकामी जागा' म्हणून पाठ फिरवतो. याच रिकाम्या जागेत थंडीभर धोबी शेपूट हलवत फिरतात, खंड्या पाण्यावर सूर मारतो. मुलांना हे दाखवायला पेंचच्या जंगलाचं तिकीट काढावं लागत नाही.

निघण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा:

1. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान निघा. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, जाड हातमोजे, कात्री आणि झाकणाची रिकामी पाण्याची बाटली सोबत घ्या.

2. मांजा ओढू नका. हात कापतो आणि फांदीही मोडते. बोटभर तुकडे करून बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा आणि सुक्या कचऱ्यात घंटागाडीत द्या. जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो.

3. दोरा शोधायचं काम मुलांचं, कापायचं मोठ्यांचं. पाण्यात आणि रेतीच्या खड्ड्यांत कोणीही उतरू नये. झाडावर चढू नये.

4. विजेच्या तारेवरच्या मांजाला काठीनेही हात लावू नका. महावितरणला 1912 वर कळवा.

5. लष्करी हद्दीत शिरू नका, तिथे फोटो काढू नका.

6. मांजा अडकलेलं घरटं किंवा त्यात बसलेला पक्षी दिसला तर लांबूनच परता.

7. जखमी पक्षी सापडला तर पंखात रुतलेला दोरा उपसू नका. दोन्हीकडून कापा, पक्ष्यावर सुती कापड टाका आणि भोकं पाडलेल्या खोक्यात शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे उपचार होतात.

नदीकाठी येणं जमत नसेल तर आपल्या मोहल्ल्यातला कडुनिंब बघा, शाळेच्या आवारातला पिंपळ बघा. आजी-आजोबांना चालवत नसेल तर गच्चीवरून बोट दाखवण्याचं काम त्यांना द्या. आणि घरात नायलॉनची चक्री उरली असेल तर ती पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका, कोणाला देऊही नका. तिचेही तुकडे त्याच बाटलीत जाऊ द्या.

पतंग काटली की आपण तिच्यामागे छपरांवरून, गल्ल्यांतून धावलो. मांजामागे कोणी गेलं नाही. यंदा एक सकाळ त्याच्यामागे चालत जाऊ.

आपला,
कन्हानकाठचा एक पतंगवेडा