डबल प्रोसेसर, डबल स्पीड?

पीसी असेंबल करायचा म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला : प्रोसेसर कोणता? दोन प्रोसेसरची मशीन घ्यायची असेल तर मात्र हा प्रश्न दुसरा. पहिला मदरबोर्डचा. आणि त्याच्याही आधी एक : काम काय आहे?

खामगावचा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, आता थ्रीडीतही उतरलाय. कर्ज काढून मशीन घेतोय. "दोन प्रोसेसर टाकले त काम डबल फास्ट होईन ना?" नाही रे बाबा! जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्येच हिशेब मांडून ठेवलाय. कामातला १० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर प्रोसेसर कितीही लावा, वेग १० पटींपुढे जात नाही. थ्रीडी रेंडरिंगची वाटणी मस्त होते. टाइमलाइनवरच्या कापाकापीला मात्र थोडेच पण वेगवान कोअर लागतात.

प्रोसेसर दोन असले तर त्यांचं आपसात जमायलाही हवं. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला, तो ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपवर. या चिपमध्ये दुसऱ्या चिपशी बोलायला चार लिंक आधीपासूनच होत्या.

आपल्या साध्या कोअर किंवा रायझन चिपना ही सोय नाही. त्या जोडीने चालतच नाहीत. एकाच चिपमध्ये ९६ कोअर देणारा थ्रेडरिपरसुद्धा एकटाच बसतो. जोडी हवी तर सर्व्हरचे झिऑन किंवा एपिक घ्या, तेही एकाच मॉडेलचे. नावावर जाऊ नका. सगळे झिऑन जोडीने चालत नाहीत आणि एपिकच्या नंबरापुढे 'पी' असेल तर तो एकाच सॉकेटसाठी. बोर्डच्या सपोर्ट लिस्टमध्ये मॉडेल नंबर दिसला तरच पैसे काढा. रॅम दोन्हीकडे सारखी वाटून लावायची, नाहीतर एक प्रोसेसर सारखा दुसऱ्याच्या दारात मागत बसतो. आणि विंडोज होम चुकूनही नको. ती एकच सॉकेट वापरते, दुसरा प्रोसेसर नुसता शोभेला! प्रो घ्या.

सेकंड हँड झिऑन-बोर्डची जोडी स्वस्तात मिळते, मोह होतो. पण ऐन सीझनमध्ये बोर्ड बसला तर बदली कुठून आणणार? शिवाय घाटावर बुलढाण्यात जे चालून जातं, ते घाटाखाली खामगाव-मलकापूरच्या मे महिन्यात चालेलच असं नाही. दोन प्रोसेसरची उष्णता म्हणजे मोठा कॅबिनेट, दमदार कूलर आणि दोन्ही प्रोसेसरना वेगळी वायर देणारा पॉवर सप्लाय. यूपीएसही त्याच मापाचा.

मित्राला मी एकच १६ कोअरचा प्रोसेसर, साधा बोर्ड आणि उरलेल्या पैशांत चांगलं ग्राफिक्स कार्ड सुचवलंय. ब्लेंडरचं रेंडरिंग त्यावरही पळतं. तरीही दोनच हवेत? मग स्वतःची एखादी जड फाइल घेऊन दुकानात जा, दोन तास रेंडर लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही सॉकेट राबताहेत का ते बघूनच बिल फाडायला सांगा.